नऊ वर्षांच्या लेकीला टर्कीच्या शिकारीला न्यायचंय, पोर्टेबल ब्लाइंड (लपून बसायचा तंबू) कोणता घेऊ?

ड्रिफ्टलेसकर

नमस्कार मंडळी. इथे स्प्रिंग टर्कीची शिकार करणारं कोणी असेल तर मदत करा. मी मॅडिसनच्या बाजूला राहतो, गेली चार वर्षं जातोय, ऑफिसातल्या एका मित्राने नादी लावलं आणि व्हर्नन काउंटीत त्याच्या सासऱ्यांचं शेत आहे तिथे परवानगीही मिळवून दिली. यंदा लेक नऊ वर्षांची झाली आणि तिने धोशा लावलाय की एप्रिलच्या युथ हंटला (मुलांसाठी राखलेला वीकेंड) मी येणार, आणि नुसती बघायला नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०१७ पासून मेंटर्ड हंटिंगला, म्हणजे जाणत्याच्या सोबतीने शिकारीला, वयाची खालची अट राहिलेली नाही, मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहायचं, त्यामुळे कायदा काही आडवा येत नाही. बायको आली होती, महिनाभर.

मी आजवर झाडाला टेकून बसत आलोय, तोंडावर जाळी, गुडघ्यावर बंदूक. पण ही पोरगी जेवतानासुद्धा खुर्चीवर दहा वेळा पाय बदलते, तिला झाडाखाली बसवलं तर टर्की पुढच्या काउंटीत निघून जाईल. म्हणून ब्लाइंड. दुकानात जाऊन आलो आणि डोक्याचा भुगा झाला. एक तो स्प्रिंगच्या तारेचा, गोल चकतीसारखा मिटणारा डॉगहाउस, साधारण पाच बाय पाच फूट, हलका आणि शंभराच्या आत. मग ते हबवाले, भिंतीच्या मध्यातून खेचून ताठ करायचे, ते दीडशे-दोनशेपासून पुढे. आणि मग प्रायमॉस डबल बुल सराउंडव्ह्यूसारखे, ज्यांच्या भिंतीतून आतून बाहेरचं आरपार दिसतं, त्याची किंमत बघून मी तो हळूच जागेवर ठेवला. शिवाय ते तीन-चार काठ्यांचे कुंपणासारखे पुढ्यात रोवायचे पण होते.

गाडीपासून जागा वीस मिनिटं, त्यातली दहा चढाची, अंधारात, एका हाताला मुलगी. आरपार भिंतीला एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? दोघांना पाच बाय पाच पुरेल? आणि अजून काय बघायचं असतं जे मला माहीतच नाही?

जुनं_खोड

टेप आहे का घरात? मग दुकानात जायच्या आधी लेकीला ज्या खुर्चीवर बसवणार त्या खुर्चीवर बसव आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंतची उंची मोज. ब्लाइंडमध्ये बघायची पहिली गोष्ट ही, बाकी सगळं नंतर.

माझा अनुभव सांगतो. मी मिझुरीत, मुलगा आठ वर्षांचा असताना हौसेने मोठा हब ब्लाइंड आणला, आत उभं राहता येतं, खुर्च्या ऐसपैस, मी खूश. पहाटे आत जाऊन बसलो, उजाडलं, ३० यार्डावर टॉम, म्हणजे मोठा नर, पिसारा फुलवून गिरक्या घेतोय आणि पोरगा कानात विचारतो, बाबा कुठेय? त्याला खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं. खिडकीची खालची कड ३८ इंचांवर आणि टर्कीच्या बुटक्या खुर्चीवर बसून त्याचे डोळे ३२ वर. मग त्याला मांडीवर घेतला, खुर्ची करकरली, टॉम गेला. तो ब्लाइंड धनुष्यबाणवाल्यांसाठी केलेला होता, ते उंच स्टुलावर बसतात म्हणून खिडक्या वर, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तर खिडकीची खालची कड पोराच्या डोळ्याच्या निदान सहा-आठ इंच खाली पाहिजे, कारण बंदूक डोळ्याच्या खाली असते आणि बंदुकीच्या खाली ट्रायपॉड असतो. त्यात जागा उताराची असेल तर अजून खाली, कारण डिकॉय, म्हणजे नकली टर्की, खालच्या अंगाला असले की बॅरल खाली झुकतं आणि नेमकी ती कड आड येते. तुमच्या त्या डोंगराळ ड्रिफ्टलेस भागात सपाट जागा कुठे मिळणार तुला. काही हब ब्लाइंडना खिडकी हुकावर वर-खाली सरकवता येते, पाहिजे तेवढीच फट ठेवायची, तसला घे. खिडकी कमी पडली तर खुर्ची उंच करता येते म्हणा, पण मग मुलाचे पाय लोंबकळतात, आणि लोंबकळणारे पाय हलतातच.

आरपार भिंतीबद्दल दुसरे सांगतील, मी जुन्या काळचा माणूस.

माळरान_मिनेसोटा

आरपार भिंतीबद्दल मी सांगते. आमच्याकडे दोन्ही आहेत. दादा, लहान मूल असेल तर घ्या, मोठ्या माणसासाठी एवढी गरज नाही. कारण असं की साध्या ब्लाइंडमध्ये चार खिडक्यांच्या चार फटी, त्यातून मूल बघतं, काही दिसत नाही, मग उठून दुसऱ्या फटीतून बघतं, मग तिसऱ्या. आरपार भिंत असली की ते जागेवर बसूनच सगळीकडे बघतं, खार दिसते, हरीण दिसतं, वेळ जातो. माझा धाकटा दोन तास बसला, मला वाटलं बरं नाहीये की काय.

पण ती भिंत कशी चालते ते समजून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. घराच्या खिडकीला जाळीचा पडदा असतो ना, दिवसा आतून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून घरातलं दिसत नाही, आणि रात्री आत दिवा लावला की सगळा मोहल्ला बघतो. अगदी तेच. आत अंधार असेल तोवरच तुम्ही अदृश्य. म्हणून पहाटे आत गेल्यावर हेडलॅम्प बंद, फोन बंद. आणि मागची खिडकी कधी उघडी ठेवायची नाही, मागून उजेड आला की पुढून बघणाऱ्याला तुमच्या डोक्याच्या दोन काळ्या सावल्या स्पष्ट दिसतात. साध्या ब्लाइंडलाही हा नियम आहेच, पण आरपारवाल्यात लोक गाफील राहतात.

याच कारणाने आत कॅमो घालू नका. आतून ब्लाइंड काळा असतो, त्यात हिरव्या-तपकिरी कपड्यातला माणूस उठून दिसतो. काळं हूडी, काळे मोजे हातात, काळी जाळी तोंडाला. लेकीचं शाळेचं काळं हूडी चालेल, मागे काही चमकणारं छापलेलं नसलं म्हणजे झालं. टर्कीला वास फारसा येत नाही पण डोळे म्हणजे डोळे, रंग दिसतात, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना त्यामुळे मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि मान जराशी वळवली की काहीच सुटत नाही.

आणि पाच बाय पाच दोघांना पुरेल असं कंपनीवाले म्हणतात, बंदूक, ट्रायपॉड, दोन खुर्च्या, एक बॅग आणि एक झोपाळू मूल यांना पुरत नाही. हबवाल्यात भिंती बाहेर फुगतात, तेवढीच जागा वाढते. मधोमध भिंत ते भिंत सहा-साडेसहा फूट मिळाले तर बघा.

एकटा_जीव

सगळे ब्लाइंड ब्लाइंड करताय, मला एक कळत नाही, मुलांना झाडाला टेकून बसायला शिकवा ना राव. आमच्या शेजारचा म्हातारा त्याच्या नातीला असंच घेऊन जायचा, दोन पायांच्या मध्ये बसवायचा, तिची बंदूक स्वतःच्या गुडघ्यावर. तंबूत बसून शिकार म्हणजे पडद्यावर बघितल्यासारखं, वारा नाही, पान नाही, आणि टर्की हलली की तंबू उचलून मागे जाता येतं का?

माळरान_मिनेसोटा

एकटा_जीव, तुम्ही नावाप्रमाणे एकटे जाता ना? मग बरोबर आहे तुमचं. नऊ वर्षांच्या मुलीला एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचला शून्याच्या आसपासच्या थंडीत तीन तास मूर्तीसारखं बसवून दाखवा, मग बोलू.

जुनं_खोड

जीव म्हणतो त्यात तथ्य आहे, झाडाखाली बसून टॉमचा गॉबल, त्याची आरोळी, छातीत वाजतो ती मजा तंबूत नाही. पण ते बारा-तेराव्या वर्षी. पहिल्या खेपेला पोर कंटाळलं, गारठलं आणि वर ओरडा खाल्ला तर पुन्हा कधी येत नाही, हे मी एका पुतण्याच्या बाबतीत बघितलंय, ओरडणारा मीच होतो.

ड्रिफ्टलेसकर

काका, टेप लावली. दुकानातली बुटकी टर्की खुर्ची साधारण नऊ इंचांची, तिच्यावर डोळे ३३ इंच. घडीची कॅम्पिंग खुर्ची १६ इंचांची, तिच्यावर ४०, पण पाय लोंबकळतात, तुम्ही म्हणालात तसेच, आणि हलतातही. आता पुन्हा दुकानात जाऊन प्रत्येक खिडकी मोजतो, तिथला पोरगा मला वेडा समजेल.

बंदूक मित्राची २० गेजची यूथ मॉडेल मिळतेय, दस्ता आखूड आहे. ती अजून फक्त चार वेळा उडवून बघितलीये. याबद्दल काही?

जुनं_खोड

२० गेज चांगली. सराव साध्या हलक्या टारगेट लोडवर करून घे, शिकारीचा लोड तिला सरावात देऊच नकोस, धक्का खांद्यात बसला की पोरं ट्रिगर दाबायच्या आधी डोळे मिटायला लागतात आणि ती सवय मग वर्षभर जात नाही. शिकारीच्या शेलचा पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, तू स्वतः २० यार्डावर कागद लावून बघ, दोन शेल पुरेत. टीएसएस म्हणजे टंगस्टनचे छर्रे निघाल्यापासून छोट्या बंदुकांचं नशीब पालटलंय, शिशाची घनता ११ च्या आसपास आणि याची १८, म्हणून ९ नंबरचा बारीक छर्रासुद्धा आत शिरतो, .४१० सारख्या त्याहून छोट्या बंदुकीनेही लोक टर्की मारतात आता. एकेक शेल दहा-दहा डॉलरच्या घरात जातं, पण पोरीला एकच लागणार आहे. तरी अंतर २५ यार्डाच्या आतच ठेव, बंदूक ४० ला मारते म्हणून पोरीने मारायचं असं नाही. रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी साइट, लाव, मणी आणि खाच जुळवण्यापेक्षा तिला सोपं पडेल.

आता ब्लाइंडमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही मस्करीत घेऊ नकोस. बॅरलचं तोंड खिडकीच्या बाहेर पाहिजे. आत राहिलं तर त्या बंद कापडी खोलीत आवाज असा बसतो की दोघांच्या कानाचं नुकसान, कायमचं. म्हणून खुर्ची खिडकीच्या जवळ, ट्रायपॉड असा की बॅरल दोन-चार इंच बाहेर. आणि इयरमफ दोघांनाही, ते इलेक्ट्रॉनिक मिळतात त्यात कुजबुज मोठी ऐकू येते आणि धमाका दाबला जातो. तिला आदल्या आठवड्यात घालायला दे, नाहीतर आयत्या वेळी केस अडकले म्हणून काढून ठेवेल.

रानवाटा

उशिरा आलो. ब्लाइंडला आमच्या विदर्भात लपण म्हणतात, आजोबा पाणवठ्यावर पळसाच्या फांद्यांचं करायचे, त्यात बसून मी पहिल्यांदा अस्वल बघितलं. असो, विषयांतर.

वाहून न्यायचं म्हणताय तर एक सोपा मार्ग, आदल्या दिवशी दुपारी जाऊन लावून या. हरीण नव्या वस्तूला बिचकतं, आठवडाभर आधी ब्लाइंड लावून ठेवावा लागतो, टर्कीला त्याचं सोयरसुतक नाही, काल नव्हता आणि आज शेतात काळा डबा उभा आहे याने तिला काही फरक पडत नाही, हलणारी वस्तू मात्र चालत नाही. तुमची जागा खासगी आहे म्हणून जमेल, डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या निसर्ग खात्याच्या, जमिनीवर रोज उतरवून घरी न्यावा लागतो. मग पहाटे फक्त पोरगी आणि बंदूक.

पण खुंट्या नीट ठोका आणि वरच्या कोपऱ्यांच्या दोऱ्याही बांधा, नुसते खालचे चार खिळे नाही. माझा पहिला ब्लाइंड रिजवर, डोंगराच्या धारेवर, रात्रीच्या वाऱ्याने उचलला आणि सकाळी शेजारच्या शेतात कुंपणावर पसरलेला मिळाला, शेतकऱ्याने फोन करून विचारलं तुमचं धुणं वाळलं का म्हणून.

दुसरं, वेल्क्रो. दुकानात खिडकी उघडून बघा आणि आवाज ऐका. पहाटे पाचला शंभर-दीडशे यार्डावर झाडांवर टर्की बसलेल्या असताना वेल्क्रो म्हणजे कोणी गोणपाट फाडतंय असं वाटतं. लूप आणि हुकाच्या खिडक्या घ्या. दाराची चेन असतेच, तिच्यावर मेणबत्ती घासा, अर्धा आवाज कमी होतो. आत बसायच्या आधी पायाखालची सगळी वाळकी पानं पायाने बाजूला सारून नुसती माती राहू द्या, हे मुलांच्या बाबतीत फार उपयोगी पडतं.

डिकॉय १५-१८ यार्डावर, आणि जेक (कोवळा नर) लावणार असाल तर त्याचं तोंड तुमच्याकडे करा, टॉम भांडायला त्याच्या समोर येऊन उभा राहतो, म्हणजे त्याची पाठ आणि फुललेलं शेपूट तुमच्याकडे, पिसाऱ्याआड त्याला तुम्ही दिसतच नाही. खिडकी उगवत्या सूर्याकडे नको, उन्हाची तिरीप आत घुसली की तुमचा काळोख संपला. पाठ झाडीला ठेवा.

नवखा_ह१ब

मी फक्त वाचत होतो, पण एक शंका. मी एच-१बी वर आहे. मला अशा ठिकाणी बंदूक हातात घेता येते का? मित्र बोलावतोय, भीती वाटते.

रानवाटा

बरं झालं विचारलंत, आपले बरेच लोक इथे फसू शकतात. फेडरल कायद्याने एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगता येत नाहीत, पण त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, सरावालासुद्धा. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, नाहीतर तुम्हीसुद्धा कोणाचा तरी हात धरून मेंटर्डमध्ये जाऊ शकता, तिथे वरच्या वयाचीही अट नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. तरी व्हिसाचा मामला आहे, वकिलाला एकदा विचारून घ्या.

सहज_आले

एवढ्या लहान मुलीच्या हातात बंदूक देऊन एका पक्ष्याचा जीव घ्यायला शिकवायचं, आणि वर त्यासाठी चारशे डॉलरचा तंबू. मला नाही पटत. फोटो काढायला न्या की.

ड्रिफ्टलेसकर

ताई, पटलंच पाहिजे असं नाही, घरातही एक मत तसंच आहे. पण ज्या शेतात आम्ही जातो त्या काउंटीचीच गोष्ट सांगतो. विस्कॉन्सिनमधून टर्की साफ संपली होती, जंगल तोडलं आणि वाट्टेल तशी मारली म्हणून. १९७६ साली मिझुरीहून २९ टर्की आणून याच व्हर्नन काउंटीत सोडल्या, बदल्यात इथले रफ्ड ग्राउस पक्षी तिकडे पाठवले, एका टर्कीला तीन ग्राउस असा सौदा. १९८३ ला पहिला शिकारीचा हंगाम. आज हायवेवर गाडी थांबवून त्यांना रस्ता ओलांडू द्यावा लागतो. आणि या असल्या कामाला पैसा कुठून येतो, तर मोठा वाटा लायसन्सचा आणि बंदुका-काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने जो कर बसतो त्याचा, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के. आणि वसंतात नर मारतात, माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात त्यांना हात लावत नाहीत. फोटोचं म्हणाल तर ती कॅमेरा पण नेणार आहे, तुमचं अर्धं ऐकलं.

माळरान_मिनेसोटा

मुलांचं राहिलंच. बिस्किटाचा पुडा घरूनच उघडून कापडी पिशवीत भरून न्या, कुरकुर वाजणारं काही नको. थर्मासमध्ये कोमट दूध. लहानशी स्लीपिंग बॅग, कारण सहाला उठलेलं मूल आठला झोपतं, पहाटे चारला उठलेलं मूल सव्वासहाला झोपतं, झोपू द्या. शूचं काय करायचं ते आधी ठरवा, आम्ही ब्लाइंडच्या मागच्या कोपऱ्यात झाकणाची बरणी ठेवायचो, मुलीसाठी छोटी बादली आणि पिशवी, हसू नका, गाडीपर्यंत वीस मिनिटं आहेत. गोचिड्यांसाठी कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्क्याचं परमेथ्रिन आदल्या दिवशी बाहेर मारून पूर्ण वाळवा, अंगावर नाही, आणि घरी मांजर असेल तर ओलं असताना जवळ येऊ देऊ नका. घरी आल्यावर केसांतून, कानामागून बघा.

आणि तिला लाल, पांढरं, निळं काही घालू नका, आत मफलरसुद्धा नाही. टॉमचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं, दुसरा कोणी शिकारी झाडीतून बघत असेल तर. डिकॉय नेताना पिशवीत घालून न्या. ब्लाइंडच्या मागच्या बाजूला झाडाला एक भगवी पट्टी बांधा, ब्लाइंड टर्कीपासून लपवतो तसा माणसांपासूनही लपवतो.

ड्रिफ्टलेसकर

मंडळी, जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, वाचणाऱ्याने वाचा.

शेवटी दोन बाजू आरपार आणि दोन बाजू साध्या काळ्या असा एक हब ब्लाइंड घेतला, सवलतीत २२० डॉलर, खिडकीची कड २४ इंचांपर्यंत खाली येते. दुकानात टेप लावून बसलो होतो तेव्हा तिथल्या पोराने विचारलंच, पडदे शिवायचेत का. एक आठवडा घरामागे उघडा ठेवला कारण नव्या कापडाला रसायनाचा वास होता, टर्कीला नसेल येत पण आम्हाला डोकं दुखेल असा येत होता. तिथेच तिची तालीम झाली, रोज शाळेतून आली की आत जाऊन खुर्चीवर बसायचं, मी बाहेर टर्कीसारखा फिरायचो आणि हात हलला की ओरडायचो, शेजाऱ्यांनी काय समज करून घेतला देव जाणे.

शनिवारी पावणेपाचला आत. सव्वापाचला पहिला गॉबल, मागच्या रिजवरून, आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की मला कॉल (टर्कीचा आवाज काढायचं साधन) वाजवता येईना. मग शांतता. दोन माद्या आल्या, डिकॉयभोवती फिरल्या, गेल्या. सात वाजता ती स्लीपिंग बॅगमध्ये. सव्वासातला मला डाव्या कानामागे तो आवाज आला, पंख जमिनीला घासल्याचा खर्रर्र, आणि मी मान वळवली तर आरपार भिंतीपलीकडे १२ पावलांवर टॉम, डोकं निळं-पांढरं, छातीचा केसांचा झुबका जमिनीला टेकतोय, आणि बंदूक पुढच्या खिडकीत. मी तिला हळूच हलवलं. तिने डोळे उघडले आणि उठली नाही, पडल्या पडल्या भिंतीतून बघत राहिली, ओठ उघडे. तिच्या श्वासाने ते कापड आत-बाहेर होत होतं एवढी ती जवळ होती. चार मिनिटं तो तिथेच फुलत होता आणि मग डाव्या अंगाने निघून गेला, पुढे आलाच नाही. बंदूक फिरवायचा विचारही केला नाही, त्या भिंतीला खिडकी होती पण उघडायला जागचं उठावं लागलं असतं.

रविवारी जेक आला, २० यार्ड, समोर. तिने बंदूक धरली, सेफ्टी काढली, आणि मी बघितलं की बरोबर त्याच्या मागे मादीचं डोकं. नको म्हटलं. तिने सेफ्टी लावली, हे तिचं मला सगळ्यात आवडलं. ते दोघं वेगळे झालेच नाहीत, जोडीने चरत चरत उतारावरून खाली गेले.

तर टर्की नाही मिळाली. पण तिचा टॅग, म्हणजे एक टर्की मारायची परवानगी, हंगामातल्या पिरियड डी या टप्प्याचा आहे आणि युथ वीकेंडला वापरला नाही म्हणून तो तेव्हा चालतो, मे मध्ये पुन्हा जाणार. चुका काय झाल्या ते सांगा.

जुनं_खोड

चूक एकच, बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला हवी होती, मागची बंद पण डावी-उजवी थोडी. आणि तिची खुर्ची फिरती घे, आवाज न करणारी, मग उठावं लागत नाही. मादी मागे असताना थांबलात ते उत्तम, एका फैरीत दोन पडल्या की पोरीला काय सांगणार होतास.

रानवाटा

ब्लाइंड ओला मिटलाय का? रविवारी सकाळी दव होतं. तसाच पिशवीत ठेवलात तर मे पर्यंत बुरशी येईल आणि त्या आरपार कापडावर डाग पडले की ते जात नाहीत.

ड्रिफ्टलेसकर

नाही हो, गॅरेजमध्ये उघडा करून ठेवलाय. गाडी बाहेर आहे चार दिवस. ती आत बसून होमवर्क करते.

माळरान_मिनेसोटा

मे मध्ये जाल तेव्हा कात्री न्या. एप्रिलमध्ये जिथे माती होती तिथे गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असेल, आणि तुमची खिडकी २४ इंचांवर आहे.